तोट्यातली विमान कंपनी विलीनीकरणाशिवाय तगू शकते का?

घाटवाट (धागाकर्ता)

१ ऑक्टोबर २०२४ ला एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली. १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात मिसळली. त्याआधी किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट बंद पडल्या होत्या. आज देशांतर्गत दहा प्रवाशांपैकी जवळपास नऊ इंडिगो किंवा टाटांच्या विमानात बसतात. उरलेल्या एकासाठी स्पाइसजेट, अकासा, स्टार एअर, फ्लाय ९१, अलायन्स एअर असे सगळे धडपडतायत.

सगळीकडे सूर एकच ऐकू येतो: लहानांनी एकत्र यावं, नाहीतर दुकान बंद करावं. मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतका हिशेब हाताशी नाही. म्हणून तीन प्रश्न.

१. विलीनीकरणाने नेमका कोणता खर्च उतरतो?
२. गो फर्स्टकडे ५४ विमानं होती. ती चालू स्थितीत कोणी उचलली का नाही?
३. एकटं राहून जे वाचले त्यांनी काय केलं?

'सरकारने मदत करावी' आणि 'खासगीकरणाने वाट लावली' हे दोन्ही विषय कृपया दुसऱ्या धाग्यावर घ्या.

ताळेबंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधन साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के. दोन कंपन्या एक झाल्या म्हणून ते स्वस्त होत नाही. एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने मुंबई, पुणे, रायगड पट्ट्यातला दर २०२३ च्या अर्थसंकल्पात २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तो सगळ्यांसाठीच. कमी कराच्या राज्यात टाकी जास्त भरून यायची युक्ती सगळेच करतात, पण जादा इंधन वाहून नेण्यातच दर तासाला त्याचा तीन-चार टक्के भाग जळतो. त्यामुळे कराच्या फरकाचा काही भाग वाटेतच संपतो.

दुसरा मोठा खर्च विमानांचं भाडं. ते करार सहा, आठ, बारा वर्षांचे आणि डॉलरमध्ये. मालक बदलला तरी करार तोच राहतो, उलट तुम्ही घाईत आहात हे लीजवाल्याला कळतं. तिसरा विमानतळांचं शुल्क. मोठ्या विमानतळांवर ते नियामक ठरवतो, दोघांनी मिळून घासाघीस करायला तिथे वाव नाही.

मग उतरतं काय? मुख्यालय, आरक्षण प्रणाली, विमा, सुट्या भागांचा साठा, राखीव इंजिनं, विमानतळांवरचा दुहेरी कर्मचारीवर्ग. हे सगळं धरूनही एकूण खर्चातला छोटा वाटा. खरा फायदा खर्चात नसतोच, तो तिकिटात असतो: एकाच मार्गावर सकाळी सातला सुटणारी दोन अर्धी रिकामी विमानं असतात, त्यातलं एक काढता येतं. पण तसं करायला त्या मार्गावर तिसरा कोणी नसावा लागतो. इथे तिसरा म्हणजे इंडिगो.

आणि सुट्या भागांची बचत तरी कधी होते? दोघांची विमानं एकाच जातीची असली तर. आपला इतिहास पाहा.

जेटने एप्रिल २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटींना घेतली, जेटलाइट हे नाव दिलं आणि वेगळीच चालवत राहिले. दोन ब्रँड, दोन व्यवस्थापनं, तोटा मात्र सामाईक. पुढच्याच वर्षी कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं.

किंगफिशरला परदेशी उडायचं होतं. तेव्हा नियम असा की पाच वर्षं देशात उडालेलं हवं आणि ताफ्यात २० विमानं हवीत. किंगफिशर २००५ ची, एअर डेक्कन २००३ ची. म्हणून कागदोपत्री किंगफिशर डेक्कनमध्ये विलीन झाली आणि मग डेक्कनचं नाव बदललं. थोडक्यात, कंपनी घेतली ती परवान्याच्या वयासाठी. पदरात पडले स्वस्त तिकिटाला सोकावलेले प्रवासी आणि डेक्कनचा तोटा. २०१२ च्या ऑक्टोबरात खेळ संपला. पाच वर्षांची अट २०१६ च्या धोरणात गेली, २० विमानांची राहिली. अकासाने ती पुरी केल्यावर मार्च २०२४ मध्ये मुंबई-दोहा सुरू केलं, कोणालाही विकत न घेता. लहान कंपनी विकत घेण्याचं एक मोठं कारण त्या धोरणाने संपवलं.

तिसरं उदाहरण २००७ चं एअर इंडिया-इंडियन एअरलाइन्स. एकीकडे लांब पल्ल्याची बोइंग, दुसरीकडे एअरबस ३२०. शिवाय १११ नव्या विमानांची ऑर्डर, ६८ बोइंग आणि ४३ एअरबस, बहुतेक कर्जावर. वैमानिकांच्या दोन ज्येष्ठता याद्या, दोन पगारश्रेणी. त्या जुळवायला न्या. धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि तरी २०१२ मध्ये ७८७ च्या प्रशिक्षणावर आधी कोणाचा हक्क यावरून ५८ दिवसांचा संप झाला. कागदावर एकत्र झालेली कंपनी कॉकपिटमध्ये पाच वर्षांनीही दोनच होती.

बोरोस्कोप

@ताळेबंद, सुट्या भागांबद्दलचं बरोबर, पण इंजिनांशिवाय हा विषय पुरा होत नाही.

गो फर्स्टचा जवळपास सगळा ताफा ए३२० निओ, इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू ११००जी. मे २०२३ मध्ये निम्म्याच्या आसपास विमानं इंजिनाअभावी उभी होती. उभ्या विमानाचं भाडं थांबत नाही, त्याच्या वाट्याचा वैमानिकांचा पगार थांबत नाही, तिकिटाचं उत्पन्न तेवढं शून्य. आता अशा कंपनीला याच इंजिनाची दुसरी कंपनी जोडली तर नवीन इंजिन कुठून येणार? दुरुस्तीची रांग कारखान्याच्या दारात आहे, आणि जुलै २०२३ मध्ये धातूच्या भुकटीतल्या दोषामुळे टर्बाइनच्या चकत्या तपासायच्या निघाल्यावर ती आणखी लांबली.

इंडिगोची याच इंजिनांमुळे २०२४ मध्ये सत्तरच्या वर विमानं उभी होती. ती बुडाली नाही, कारण तीन गोष्टी आधीपासून केलेल्या: २०१९ मध्येच पुढच्या विमानांसाठी प्रॅटऐवजी सीएफएम या दुसऱ्या कंपनीची लीप इंजिनं मागवली, जुन्या ए३२० चे लीज परत करायच्या ऐवजी वाढवले, आणि हातात रोख असल्याने बाहेरून वैमानिकांसकट विमानं भाड्याने आणली. यातल्या एकाही गोष्टीला विलीनीकरण लागत नाही, रोख मात्र तिन्हीला लागते.

उभ्या विमानाचं पुढे काय होतं तेही सांगतो, कारण 'विमानं आहेत ना, कोणीतरी घेईल' असं सहज म्हटलं जातं. पहिले काही आठवडे इंजिनांची तोंडं झाकून, ठरावीक दिवसांनी इंजिन चालवून, चाकं फिरवून विमान जपतात. पैसे आटले की शेजारच्या उडत्या विमानासाठी यातला एक पंप, त्यातला एक संगणक काढला जातो. ही पद्धत नियमात बसते, पण प्रत्येक काढलेल्या भागाची नोंद हवी. इंजिनातले ठरावीक आयुष्याचे भाग असतात, त्यांचा कारखान्यातून निघाल्यापासूनचा प्रत्येक फेरा कागदावर दाखवता आला नाही तर भाग धडधाकट असूनही भंगार समजला जातो. म्हणून कंपनी डबघाईला आली की लीजवाला आधी विमानापेक्षा फायली ताब्यात मागतो. वर्षभर उभं, चार भाग काढलेलं, फायली अर्धवट असं विमान परत उडवायला काही महिने आणि मोठी रक्कम लागते. खरेदीदार तो खर्च बोलीतून वजा करतो आणि बोली शून्याखाली जाते.

कलम_चौदा

प्रश्न २ चं कायद्याच्या बाजूने.

गो फर्स्टने २ मे २०२३ ला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला, १० मे रोजी तो दाखल झाला. दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ प्रमाणे सगळी वसुली गोठली, म्हणजे लीजवाल्यांना स्वतःचीच विमानं नेता येईनात. भारताने केप टाउन करार २००८ मध्येच स्वीकारला होता. त्यात लीजवाल्याकडे एक अधिकारपत्र असतं, ते दाखवलं की डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, विमानाची नोंदणी रद्द करायची. पण हा करार आपल्या कायद्यात पूर्ण उतरवलेला नव्हता, त्यामुळे संहिता वरचढ ठरली. ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमानं आणि इंजिनं त्या स्थगितीतून वगळली, २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने पाच कामकाजाच्या दिवसांत ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला.

मधल्या काळात बोली आल्याही. पण विमानं गेल्यावर बोली लावणार कशावर? स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, कंपनीच्या मालकीचे नसतात, वापरले नाहीत की परत जातात. वैमानिक तोवर दुसरीकडे रुजू झालेले. बँकांच्या दृष्टीने किमतीचं उरलं ते ठाण्यातली तारण जमीन आणि इंजिन कंपनीवरचा दावा. जानेवारी २०२५ मध्ये अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश झाला. जेटचीही तीच कथा. उड्डाणं एप्रिल २०१९ ला थांबली, पुनरुज्जीवनाचा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनच करायला सांगितलं. साडेपाच वर्षं उभी राहिलेली विमान कंपनी पुन्हा सुरू होत नसते, ती नव्याने काढावी लागते.

अमेरिकेत चित्र वेगळं असण्याचं कारण चॅप्टर ११, म्हणजे तिथल्या दिवाळखोरी कायद्यातली कंपनी चालू ठेवून सावरण्याची सोय. तिथे ६० दिवसांत थकबाकी भरायचं कबूल केलं तर विमानं राहतात, महागडे करार न्यायालयासमोर मोडता येतात, आणि या काळात कर्ज देणाऱ्याला पहिला हक्क मिळतो म्हणून कर्जही मिळतं. अमेरिकन एअरलाइन्स नोव्हेंबर २०११ मध्ये आत गेली, उडत राहिली आणि डिसेंबर २०१३ मध्ये यूएस एअरवेजशी एकत्र होऊनच बाहेर आली. म्हणजे खर्च आधी छाटला गेला आणि त्यानंतर लग्न लागलं. आपल्याकडे छाटणी करायला तसं छप्परच नाही.

घाटवाट

मग अमेरिकेतल्या स्वस्त तिकिटांच्या स्पिरिट एअरलाइन्सचं काय? जेटब्लूशी ठरलेला ३८० कोटी डॉलरचा व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने रोखला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पिरिट चॅप्टर ११ मध्ये, मार्च २०२५ ला बाहेर, ऑगस्टमध्ये पुन्हा आत. विलीनीकरण होऊ दिलं असतं तर वाचली असती, असं तिकडे बरेच जण म्हणतात.

ताळेबंद

स्पिरिटचे भागधारक वाचले असते एवढं नक्की. कंपनीबद्दल शंका आहे. जेटब्लू स्वतः तोट्यात होती आणि हा व्यवहार मुख्यतः कर्ज काढून करणार होती. वर स्पिरिटच्या निओंना तेच प्रॅटचं इंजिन, ज्याबद्दल बोरोस्कोप यांनी वर लिहिलंय. दोन बुडणारे एकमेकांच्या गळ्यात पडले असते. पहिल्या चॅप्टर ११ मध्ये स्पिरिटने कर्जाचं भागभांडवल करून घेतलं, पण ताफा आणि मार्ग फारसे कापले नाहीत. दुसऱ्यांदा जावं लागलं ते त्यामुळे.

आणखी एक मुद्दा राहिला, वेळ. विस्ताराचं विलीनीकरण जाहीर झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये. स्पर्धा आयोगाची मंजुरी सप्टेंबर २०२३, सिंगापूरच्या नियामकाची मार्च २०२४, एनसीएलटीची (कंपनी कायदा न्यायाधिकरण) जून, परकीय गुंतवणुकीची ऑगस्ट, आणि प्रत्यक्ष नोव्हेंबर २०२४. दोन्हीकडे टाटा, पैसे तयार, भांडण नाही, तरी दोन वर्षं. अडचणीतल्या कंपनीकडे रोख किती दिवसांची असते? तेल कंपनीने उधारी बंद केली की रोज सकाळी पैसे भरायचे आणि मग टँकर येणार. त्या अवस्थेत दोन आठवडेसुद्धा लांबचे वाटतात. विलीनीकरण हा निरोगी कंपन्यांचा मार्ग आहे. आजारी कंपनीला खरेदीदार मिळाला तर मिळतो, 'विलीन' व्हायला तिच्याकडे वेळ नसतो.

बोरोस्कोप

+१. आणि त्या दोन वर्षांत तांत्रिक बाजूला काय चालतं ते बाहेरून दिसत नाही. दोन्हीकडे एकाच जातीचं विमान असलं तरी कोणता बिघाड असताना उडायला परवानगी आहे त्याची यादी वेगळी, देखभालीचं वेळापत्रक वेगळं, वैमानिकांची कार्यपद्धती वेगळी. हे सगळं एका परवान्याखाली आणायचं, डीजीसीएकडून मंजूर करून घ्यायचं, प्रत्येकाला नव्या पद्धतीचं प्रशिक्षण द्यायचं. विस्ताराची विमानं एका रात्रीत एअर इंडियाच्या परवान्यावर आली आणि प्रवाशांना फक्त उड्डाण क्रमांक २ ने सुरू होणारा दिसला, त्यामागे ही तयारी होती.

माणदेशी

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेना म्हणून लिहितो. एकट्याने तगायचे दोन रस्ते दिसतात. एक, जिथे मोठा येत नाही तिथे बसायचं. दोन, लीजवाल्याने विमानं न्यायच्या आधी आपणच ताफा कापायचा.

पहिल्याचं उदाहरण जवळचं आहे. स्टार एअर ही कोल्हापूरच्या घोडावत समूहाची, एम्ब्रेअर विमानं वापरते. फ्लाय ९१ मार्च २०२४ पासून गोव्यातल्या मोप्याहून एटीआर ७२ या पंख्यांच्या लहान विमानावर सिंधुदुर्ग, जळगाव, अगत्ती असे मार्ग करते, पुढे सोलापूरही आलं. या विमानांची निवड आवडीनिवडीची नाही, नियमांची आहे. ४० टनांखालच्या विमानाला भरलेल्या एटीएफवर विक्रीकर मोठ्या विमानांपेक्षा बराच कमी. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंगचं शुल्क माफ. स्टार एअरच्या ई१७५ मध्ये आसनं किती? ७६. इंडिगोच्या एटीआरमध्ये? ७८. एटीआर तासाला साधारण ७५० किलो इंधन पितं, ए३२० जवळपास २,४००. सोलापूरहून चाळीस-पन्नास प्रवासी मिळणार असतील तर ए३२० चं गणित पहिल्याच दिवशी फसतं, म्हणून मोठा तिथे येत नाही.

लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत यावर तूटभरपाई मिळते आणि मार्गावर तीन वर्षं एकाधिकार. त्यातच सापळा आहे. तीन वर्षांनी भरपाई थांबते, आणि तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा नसला तर बंद. २०१७ च्या डिसेंबरात नव्या एअर डेक्कनने १८ आसनी विमानांनी नाशिक आणि जळगाव मुंबईला जोडलं. ते टिकलं नाही, कारण १८ आसनांवर दोन वैमानिकांचा पगार बसवणंच अवघड, त्यात मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट दुर्मीळ. सकाळी मुंबईत पोचून संध्याकाळी परतता येत नसेल तर नाशिककर गाडीच काढणार! नवी मुंबई सुरू झाल्याने हे थोडं सुटावं.

लहान ताफ्याचं दुसरं दुखणं राखीव विमान. तीन विमानं, प्रत्येकी आठ फेऱ्या, म्हणजे रोज २४. एक अडलं की आठ फेऱ्या रद्द, एक तृतीयांश वेळापत्रक गेलं. चौथं राखीव ठेवायचं तर भाडं तिसऱ्या हिश्शाने वाढतं. तेच दहा विमानांवर एक राखीव म्हणजे दहा टक्के. त्यामुळे आकाराचा मुद्दा खोटा नाही, पण तो तीनवरून दहावर जाण्याचा आहे, दहावरून शंभरवर जाण्याचा नाही. विलीनीकरण न करताही त्यातलं काही साधतं: सुटे भाग स्वतः न साठवता निर्मात्याशी तासावर पैसे मोजायचा करार करायचा, आणि मोठ्या कंपनीशी इंटरलाइन करायचं, म्हणजे प्रवाशाचं एकच तिकीट निघतं, बॅग थेट पुढे जाते.

ताळेबंद

माणदेशींच्या दुसऱ्या रस्त्याला पुस्ती. स्पाइसजेट डिसेंबर २०१४. तेल कंपन्यांनी उधारी बंद केली, १७ डिसेंबरला ताफा दिवसातला बराच वेळ जमिनीवर होता. महिनाभरात मूळ प्रवर्तक अजय सिंह हे तेव्हाचे मालक कलानिधी मारन यांच्याकडून कंपनी परत घेऊन आले. बोइंग कमी केली, मार्ग कापले, नवे पैसे आले. पण चौथी गोष्ट नशिबाची: २०१४ च्या जूनमध्ये ११० डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट कच्चं तेल जानेवारी २०१५ ला ५० च्या खाली होतं. इंधन इतकं उतरलं नसतं तर आधीचं सगळं करूनही भागलं असतं का, याबद्दल मी साशंक आहे.

दुसऱ्या खेपेला २०१९ पासून बोइंगची ७३७ मॅक्स विमानं जमिनीवर, मग करोना. सप्टेंबर २०२४ मध्ये ३,००० कोटी उभे केले, पण त्यातून थकलेला टीडीएस, पीएफ, लीजवाल्यांशी तडजोडी असं मागचंच भरायचं होतं. उभी विमानं उडवायला उरलं ते उरलं. भांडवल उशिरा आलं की ते भूतकाळावर खर्च होतं. अकासाचं उलट: पैसे मिळाले, पण बोइंगकडून विमानं वेळेवर येईनात आणि नेमलेले वैमानिक बसून राहिले. तिला विलीन करून घेणाऱ्यालाही बोइंगच्या रांगेतच उभं राहावं लागेल.

घाटवाट

एवढ्यावरून माझं मत पक्कं झालं. शेवटचा प्रश्न: बाहेरच्या माणसाला कंपनीची अवस्था कशावरून कळावी? सहा महिन्यांनंतरचं तिकीट काढायचं की नाही एवढ्यापुरतं.

कलम_चौदा

डीजीसीए दर महिन्याला रद्द उड्डाणांचं प्रमाण कंपनीनिहाय देते, ते दोन-तीन महिने सलग चढतंय का पाहा. नोंदणी रद्द करायचे लीजवाल्यांचे अर्ज डीजीसीएच्या संकेतस्थळावर लागतात. एकाच कंपनीची चार-पाच विमानं तिथे दिसली तर सांभाळून. कंपनी शेअर बाजारात असेल तर तिमाही निकालांत लेखापरीक्षकाची 'कंपनी चालू राहण्याबाबत अनिश्चितता' ही टीप शोधा, आणि टीडीएस-पीएफ थकलाय का तेही. पगार थकले तरी माणसं काही काळ थांबतात, पण पीएफ थकणं म्हणजे पेटी रिकामी.

आणि खूप पुढच्या तारखांची अतिस्वस्त विक्री अचानक आली तर ती सवलत नसून तुमच्याकडून घेतलेलं बिनव्याजी कर्ज असू शकतं. घ्यायचंच असेल तर क्रेडिट कार्डाने घ्या. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो, त्याला मुदत असते, म्हणून उड्डाण रद्द झाल्याचा ईमेल आला त्याच आठवड्यात अर्ज करा. यूपीआयने किंवा कंपनीच्या वॉलेटमधून पैसे दिले असतील तर दिवाळखोरीत तुम्ही दावेदारांच्या यादीत बँकांच्या बरेच खाली.

माणदेशी

वॉलेटमधला परतावा तर घेऊच नका. रद्द झालं की 'क्रेडिट शेल', म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी वापरायची शिल्लक, देतो म्हणतात. मूळ खात्यात पैसे मागायचा हक्क आहे, तोच वापरा.